गाठीत जातं थोडं

शरणपूर रोडच्या ऑफिसात, जिन्याखालच्या खोलीत,
मी बातम्या मोजायचे.
वाचायचे नाही. मोजायचे.
लाकडी पट्टी, लाल पेन्सिल, सेंटीमीटरला चाळीस पैसे.
मथळा धरायचा नाही, फोटो धरायचा नाही,
निधनवार्ता तर नाहीच नाही.
नियम टेबलाच्या काचेखाली होते,
एसटीच्या वेळापत्रकाशेजारी.

दर महिन्याच्या सात तारखेला येवल्याहून
भांडगे यायचे. मधुसूदन भांडगे.
दिवसा माग, रात्री बातमी.
कात्रणं एकाखाली एक, मागाच्याच खळीनं चिकटवलेली,
गुंडाळी टेबलावर सोडली
की उलगडत पार दारापर्यंत जायची:
अंदरसूलला लिलाव बंद, पाटोद्याला विहिरीत बैल,
तहसीलदारांची बदली, बदली रद्द, पुन्हा बदली.

एकदा गायधनी सर चहाचा कप घेऊन दारात थांबले.
म्हणाले, बाई, अमेरिकेत जुन्या काळी
गावोगावचे बातमीदार अस्संच करायचे म्हणतात.
छापून आलेल्या मजकुरावर दोरी धरायची,
बातमी संपली की गाठ,
पुढची बातमी तिथून पुढे.
महिनाअखेर संपादक दोरी मोजून पैसे धाडणार.
खरंखोटं तिकडचा देव जाणे,
पण स्ट्रिंग म्हणजे दोरी, आणि दोरीवाला तो स्ट्रिंगर.
आपण स्ट्रिंजर म्हणायला लागलो
आणि दोरी तिथेच तुटली.

मी हसले. भांडगे हसले नाहीत.
पुढच्या सात तारखेला
कात्रणांबरोबर खिशातून निघाला रेशमाचा धागा,
कुठल्याशा पैठणीतून उरलेला, राणी रंगाचा.
त्याला चौदा गाठी.
पट्टीनं भरले दोनशे एकतीस.
धागा भरला दोनशे सव्वीस.
पाच सेंटीमीटर. दोन रुपये.
"गाठीत जातं थोडं," भांडगे म्हणाले,
"मागावरही जातं. तुम्ही धाग्याप्रमाणे द्या."
मी पट्टीप्रमाणे दिले. ब्याण्णव रुपये चाळीस पैसे.

मग दर महिन्याला धागा.
मोरपंखी, लिंबू, वांगी,
एकदा नुसता पांढरा, न रंगवलेला.
त्याला गाठी सहा.
कात्रणं पाचच.
विचारलं, तर पाकिटातून काढून दाखवलं
आतल्या पानाच्या कोपऱ्यातलं:
येथील जुने विणकर गोविंदसा भांडगे यांचे
अल्पशा आजाराने निधन. त्यांच्या पश्चात.
पश्चातच्या पुढे कात्री.
"मीच पाठवली होती," म्हणाले,
"डेस्कनं चार ओळी कापल्या. बरोबर आहे, जागा नसते.
ही धरू नका. नियम माहीत आहे मला.
हात सवयीनं गाठ मारून गेला."

मी पट्टी लावली. अडीच सेंटीमीटर.
एक रुपया.
वहीत लिहिताना
नगरसूलचा रास्ता रोको
अडीच सेंटीमीटरनं लांबवला.
नोकरीच्या एकोणतीस वर्षांत ही एवढी एकच अफरातफर,
आणि ऑडिटरला ती सापडली नाही.

मग कॉम्प्युटर आले, ठोक मानधन आलं,
पट्टी कुणीतरी खिडकीला अडसर म्हणून लावली.
आताची पोरं गळ्यात कार्ड घालून येतात,
त्यावर छापलेलं, स्ट्रिंजर.
कार्ड लोंबतं मात्र दोरीलाच.

धागे माझ्याकडे आहेत, बिस्किटांच्या डब्यात.
परवा मुलगी म्हणाली, फेकू का गं हे?
म्हटलं, थांब.
पण कुठली गाठ कुठल्या बातमीची
सांगता येईना. पांढऱ्यातली शेवटची सोडली तर.
पाटोद्याचा बैल तेवढा आठवतो.
अकरा सेंटीमीटर होता.
तो वर निघाला का विहिरीतून,
ते तेव्हा वाचायचंच राहिलं.